भूर्जाची हौस आणि सह्याद्रीचा नाणा

पांढरट, कागदासारखे पापुद्रे सुटणारे भूर्जवृक्षाचे खोड चित्रात पाहिले, की आपल्या बागेत तो असावा असे कोणासही वाटेल. आपल्या परंपरेशीही त्याचे जुने नाते आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील ऋग्वेदाच्या ज्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ मध्ये ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ (जागतिक स्मृती) सूचीत नोंद केली, त्यांपैकी एक भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेले आहे.

परंतु हा भूर्ज हिमालयात सुमारे ३,००० मीटरहून अधिक उंचीवर, बर्फाळ थंडीत वाढणारा वृक्ष होय. कागल तालुक्यातील बिद्रीसारख्या गावी, दूधगंगेच्या खोऱ्यातील उन्हाळा त्यास मानवणारा नाही. शाळेतील मुलांनी पाणी घालून जपलेले रोप त्यांच्या डोळ्यांदेखत वाळले, तर पैशापेक्षाही मोठे नुकसान होते. वृक्षारोपणावरील त्यांचा विश्वासच उडतो.

खोडाचे तेच सौंदर्य सह्याद्रीतील नाणा या वृक्षात आहे. त्याची साल गुळगुळीत व फिकट असून तिचे पातळ पापुद्रे सुटतात. उन्हाळ्यात पांढरी फुले येतात. आपले राज्यपुष्प असलेले ताम्हण याच कुळातील असून, पाण्याजवळच्या जागेस ते विशेष योग्य होय. मुरमाड, उंचवट्याच्या जागी पांढऱ्या खोडाचा कांडोळ शोभतो. मात्र त्याच्या फळांवरील टोचरे केस अंगास खाज आणतात, म्हणून तो क्रीडांगणाजवळ लावू नये.

लागवडीसाठी मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन ते उन्हात तापू द्यावेत. नंतर माती व चांगले कुजलेले शेणखत यांनी ते भरावेत. काळ्या जमिनीत पाणी साचू नये म्हणून रोपाभोवती मातीचा उंचवटा करून चर काढावा. पाऊस स्थिरावल्यावर रोप लावून त्यास काठीचा आधार द्यावा. दोन रोपांत, तसेच इमारतीपासून, किमान वीस फूट अंतर राखावे. या भागात मुबलक मिळणारे उसाचे पाचट आळ्यात पसरल्यास ओल टिकते. ते खोडास मात्र भिडू देऊ नये. पहिले दोन-तीन उन्हाळे नियमित पाणी द्यावे.

साल सोलण्याचा किंवा तीवर नावे कोरण्याचा मोह मुलांना होईल. ती झाडाची त्वचा आहे, हे शिक्षकांनी वेळीच समजावून द्यावे. ग्रामपंचायतीने रोपांची मागणी करताना प्रथम आपल्या डोंगरांकडे पाहावे, हेच श्रेयस्कर.