आधी अटी वाच, मग दर बघ

अगं, रेल्वेची तिकिटं काढायला बसलीस असं ताई म्हणाली, म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर सांगते. तुमचा बेत पॅरिस, तिथून इंटरलाकेन, मग फ्रँकफर्ट आणि तिथून घरी, असा आहे. बरोबर जावईबापू, दोन्ही मुलं, ताई आणि भावोजी. विमान आणि हॉटेलांवर तुम्ही भरपूर डोकं खाजवलंत. मधले दोन रेल्वेप्रवास मात्र रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलवर उरकायचे, असं करू नका. सहा माणसांत दोन साठीपुढची आणि दोन लहान असली की खरी कसोटी याच दोन दिवशी लागते.

आपल्याला तिकीट काढायची सवय लावली कोकण रेल्वेने. गणपतीला पनवेलहून रत्नागिरी-कणकवली गाठायचं तर आरक्षण उघडेल त्या दिवशी सकाळी आठला तयार राहायचं, मिळेल त्या गाडीचं, मिळेल त्या वर्गाचं तिकीट पदरात पाडून घ्यायचं आणि बेत बदललाच तर रद्द करायचं. पूर्वी हे १२० दिवस आधी करायचो, १ नोव्हेंबर २०२४पासून ६० दिवस आधी करतो. ती घाई योग्यच आहे, कारण आपल्याकडे जागा संपते. भाडं सहसा तेच राहतं. राजधानी, शताब्दी, दुरांतोला २०१६ साली फ्लेक्सी भाडं आलं, तो अपवाद. युरोपात उलटं आहे. तिथे बहुतेक लांबच्या गाड्यांत जागा शेवटपर्यंत मिळते, संपतो तो स्वस्त भाव. आणि स्वस्त भावाच्या तिकिटाला अटी चिकटलेल्या असतात. गणपतीची घाई तिथे केली की नेमकं त्या अटींचंच तिकीट हाती येतं.

जर्मन रेल्वेचं उदाहरण घे. एकाच गाडीला साधारण तीन भाव दिसतील. सर्वांत स्वस्त ‘सुपर स्पारप्राइस’: ठरलेल्याच गाडीने जायचं, रद्द केलं तर काही परत नाही. त्याच्यावर ‘स्पारप्राइस’: गाडी ठरलेलीच, पण प्रवासाच्या दिवसाआधी रद्द केलं तर थोडे पैसे कापून बाकीचे मिळतात. त्याच्यावर ‘फ्लेक्सप्राइस’: त्या मार्गावरची त्या दिवशीची पुढचीमागची गाडी चालते. डबा तोच, खुर्ची तीच. जास्तीचे पैसे जातात ते बेत बदलण्याच्या मोकळिकीसाठी. तू एकटी असतीस तर मी सर्वांत स्वस्त घे म्हटलं असतं. आईबाबा बरोबर असताना मधलं घे. ताईचे गुडघे सकाळी किती साथ देतील ते आत्ता नेरूळमध्ये बसून कुणाला सांगता येईल?

आणि हे सगळं व्हिसा हातात आल्यावर. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात आणि नियमाप्रमाणे ते पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतात. मोठ्या माणसाची फी ११ जून २०२४पासून ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. त्यात परत न मिळणाऱ्या सहा रेल्वे तिकिटांची भर कशाला? अर्जासोबत प्रवासाचा आराखडा लागतो, त्यात गाडीची वेळ आणि मार्ग लिहिला म्हणजे झालं. आधी काढलंच पाहिजे असं एखादं तिकीट असेल तर ते रद्द करता येणारंच काढ. म्हणून अर्ज लवकर कर. व्हिसा लवकर आला की स्वस्त भावही शिल्लक असतात.

आता घाई कुठे करायची ते. पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणारी ‘टीजीव्ही लिरिया’ ही आरक्षण सक्तीची गाडी. तिकिटातच डबा आणि सीट येते, आणि सुट्टीच्या दिवसांत सहा जागा एकत्र मिळणं कठीण होतं. हे तिकीट व्हिसा आल्याबरोबर काढ. जर्मनीच्या ‘आयसीई’ गाडीत उलट आहे: दुसऱ्या वर्गाच्या तिकिटात सीट येत नाही, ती वेगळे पैसे भरून राखावी लागते. न राखता गाडीत चढता येतं, पण मग सामान आणि म्हातारी माणसं घेऊन डब्याडब्यांतून जागा शोधत हिंडायचं. ते थोडे युरो वाचवू नकोस. राखलेल्या सीटचा आणखी एक उपयोग: काही गाड्या वाटेत दुभंगतात. बर्लिनहून येणारी आयसीई हाम स्टेशनात दोन तुकडे होऊन दोन वेगळ्या दिशांना जाते. आपल्या डब्यात बसलं की ती काळजी उरत नाही. तिसरा प्रकार आपल्या हार्बर लाइनसारखा, म्हणजे छोट्या अंतराच्या प्रादेशिक गाड्या. त्यांना बहुतेक ठिकाणी ठरलेलं भाडं असतं, आरक्षण नसतं. ज्या दिवशी जायचं त्या दिवशी काढ. दोन महिने आधी काढून हाती फक्त बंधन येतं.

स्टेशनची नावं नकाशा उघडून तपास. मुंबईत सीएसएमटी, मुंबई सेंट्रल, दादर आणि लोकमान्य टिळक टर्मिनस ही वेगवेगळी ठिकाणं आहेत हे आपल्याला अंगवळणी पडलंय. पाहुण्याला ते कळत नाही. पॅरिसमध्ये आपण पाहुणे. लिरिया सुटते ती ‘गार द लियों’ या स्टेशनातून, आणि हे स्टेशन लियों शहरात नाही, पॅरिसमध्येच आहे. लंडनची गाडी ‘गार द्यु नोर’हून. इंटरलाकेनला ‘वेस्ट’ आणि ‘ओस्ट’ अशी दोन स्टेशनं आहेत. युंगफ्राउकडे जाणाऱ्या गाड्या ओस्टहून सुटतात, हॉटेल मात्र वेस्टच्या जवळ असू शकतं. जर्मनीत फ्रँकफर्ट दोन आहेत. तुम्हाला हवं ते माइन नदीवरचं. दुसरं ओडर नदीवर, थेट पोलंडच्या सीमेला. शहराचं नाव टाइप केलं की यादीत दोन्ही येतात. शिवाय विमानतळाला स्वतःचं लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे, तेही वेगळं दाखवतं.

नाव लिहिताना पासपोर्ट समोर उघडा ठेव. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आधारवर एक क्रम, बँकेत दुसरा. तिकिटावर तेच लिही जे पासपोर्टवर आडनाव आणि नाव या दोन ओळींत छापलंय. ताईच्या पासपोर्टवर काय आहे ते आठवणीने लिहू नकोस, बघून लिही. मुलांची वयंही नीट घाल. जर्मन रेल्वेत सहा ते चौदा वर्षांची मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात, पण तिकिटावर त्यांची नोंद असावी लागते. नोंद राहिली तर सवलत राहिली.

पैसे भरण्याबद्दल जरा जास्त बोलते, माझी सगळी नोकरी बँकेत गेली. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२०पासून नवं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंद अवस्थेतच येतं. ती सोय आपण ॲपमध्ये जाऊन सुरू करायची आणि मर्यादाही आपणच ठरवायची. तिकिटं काढायची तेवढ्यापुरती ती उघड, काम झालं की बंद कर. हे बंद करणं महत्त्वाचं, कारण परदेशातल्या काही विक्रेत्यांकडे ओटीपी न विचारताच रक्कम वळती होते. युरोपातल्या रेल्वे मात्र बऱ्याचदा ओटीपी मागतात, आणि तो येतो इथल्या नंबरवर. तिकडे जाऊन सिम बदललं की तो कुठे येणार? म्हणून महत्त्वाची तिकिटं घरून निघण्याआधीच काढायची. रुपे कार्ड तिकडच्या रेल्वेंकडे सहसा चालत नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्ड ठेव, आणि दोन वेगळ्या बँकांची कार्डं हाताशी असू देत.

पैसे भरताना ‘रुपयांत भरायचे की युरोत’ असं विचारलं तर युरो निवड. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण तो दर विक्रेत्याकडचा असतो आणि जवळजवळ नेहमीच महाग. युरोत भरल्यावर आपली बँक मार्कअप लावते, साधारण दोन ते साडेतीन टक्के, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या कार्डावर १०० युरोच्या तिकिटाला ४ युरो १३ सेंट वर जातात. शून्य मार्कअपची कार्डंही मिळतात, घरात कुणाकडे असेल तर तेच वापर. आणि तिकीट रद्द केलंस तर परतावा त्या दिवसाच्या दराने येतो, भरलेले रुपये जसेच्या तसे येतील असं धरू नकोस.

तिकीट शक्यतो त्या-त्या देशाच्या रेल्वेकडूनच घे. फ्रान्सची एसएनसीएफ, स्वित्झर्लंडची एसबीबी, जर्मनीची डॉइच बान, सगळ्यांची इंग्रजी पानं आहेत. एखाद्याला भारतीय कार्ड चाललं नाही तर ट्रेनलाइन किंवा रेल युरोपसारखे विक्रेते आहेत. ते थोडं शुल्क घेतात, पण तिकीट खरंच असतं.

सर्वांत मोठा कानमंत्र गाडी बदलण्याबद्दलचा. इंटरलाकेन ते फ्रँकफर्ट वाटेत बाझेलला गाडी बदलायची असेल तर दोन तुकडे वेगवेगळे स्वस्तात मिळतात म्हणून तसे काढू नकोस. एकच सलग तिकीट काढ. सलग तिकिटावर पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर तुम्हाला पुढे पोहोचवणं रेल्वेची जबाबदारी. वेगवेगळ्या तिकिटांवर ती जबाबदारी तुमची, आणि दुसरं तिकीट ठरलेल्या गाडीचं असेल तर ते तिथेच संपलं. आपल्या मनात जर्मनी म्हणजे घड्याळ असं बसलंय. पण २०२४ साली डॉइच बानच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोहोचल्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांहून कमी उशीर. स्विस रेल्वेचं तसं नाही, तिथे दहातल्या नऊहून जास्त गाड्या वेळेवर येतात. तेव्हा जर्मनीत गाडी बदलायला सात-आठ मिनिटं दाखवत असेल तर ती वेळ घेऊ नकोस. शोधतानाच बदलाची किमान वेळ वाढवून टाकता येते. ताई आणि भावोजींना जिना, लिफ्ट, फलाट यांत अर्धा तास हवाच. आणि परतीच्या विमानाच्या दिवशी लांबची गाडी धरायची नाही. आदल्या दिवशी फ्रँकफर्टला मुक्काम.

पासचं म्हणशील तर सरसकट घेऊ नकोस. स्विस ट्रॅव्हल पास तुमच्या कुटुंबाला परवडेल असं मला वाटतं: गाडी, बोट, शहरातली बस सगळं त्यात, आणि सहा ते पंधरा वर्षांची मुलं पासधारक आईबाबांबरोबर फुकट. त्यासाठी फॅमिली कार्ड फुकट मिळतं, पण पास घेताना मागावं लागतं. मात्र युंगफ्राउयोखला, म्हणजे ३,४५४ मीटरवरच्या त्या स्टेशनला, हा पास पूर्ण चालत नाही. वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंत चालतो, पुढे २५ टक्के सवलत. युरेल पास तुम्हाला नको. तो खूप देश फिरणाऱ्यांसाठी, शिवाय टीजीव्हीसारख्या गाड्यांना त्यावर आरक्षणाचे पैसे वेगळे. आणि पासबद्दल कुणीही जुना सल्ला दिला, अगदी मीही, तरी आजचा भाव बघ. जपानचा सात दिवसांचा जेआर पास २९,६५० येनला मिळायचा तेव्हा सगळे तो घ्या म्हणत. ऑक्टोबर २०२३मध्ये तो ५०,००० येन झाला आणि टोकियो-क्योतो फिरून येणाऱ्याला परवडेनासा झाला.

सामान कमी न्या. हमाल नसतात, बॅग आपणच उचलून चढवायची. फ्रान्सच्या गाड्यांत बॅगेवर नावाची चिठ्ठी सक्तीची आहे. पॅरिसला फलाट क्रमांक गाडीच्या साधारण वीस मिनिटं आधी लागतो आणि दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. वेळ चोवीस तासांची, आणि तुम्ही मे महिन्यात जाताय तर आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. तिकिटांच्या पीडीएफ फाइली तुझ्या, जावईबापूंच्या आणि भावोजींच्या, तिन्ही फोनवर ठेव आणि एक कागदी प्रत ताईच्या पर्समध्ये. फोनची बॅटरी संपली म्हणून टीसी सूट देत नाही.

प्रवास झाला तरी तिकिटं पुसू नकोस. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे मुक्कामाला पोहोचायला ६० मिनिटं किंवा जास्त उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के आणि १२० मिनिटांपासून पुढे ५० टक्के परत मिळतात. अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा असतो आणि तो घरी आल्यावर इथूनही ऑनलाइन करता येतो. आपली माणसं ‘जाऊ दे, पोहोचलो ना’ म्हणून सोडून देतात. तू सोडू नकोस, अर्ज कर.