सागरातील विघटनाचे साक्षीदार : अमिनो आम्ले

पुण्याच्या लकडी पुलावरून पाहणाऱ्यास मुठा नदी शहरापुरतीच आहे असे वाटते. वस्तुतः ती संगमाजवळ मुळेस मिळते. मुळा-मुठा भीमेत, भीमा उजनी जलाशयातून पुढे कृष्णेत आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात विलीन होते. या प्रवासात पालापाचोळा, शेतातील माती आणि नागरी सांडपाणी यांतील सेंद्रिय द्रव्यही प्रवाहाबरोबर जात असते. त्यातील बराच भाग वाटेत जिवाणू फस्त करतात, काही जलाशयाच्या तळाशी बसतो आणि उरलेला अंश सागरापर्यंत पोहोचतो.

प्राणवायूचा हिशेब

जिवाणू सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. नदीच्या पाण्याची तपासणी करताना नमुना बाटलीत बंद करून, आपल्याकडील पद्धतीनुसार, 27 अंश सेल्सिअस तापमानात 3 दिवस ठेवतात आणि किती प्राणवायू खर्च झाला ते मोजतात. यावरून प्रदूषणाचा भार कळतो; परंतु ते द्रव्य ताजे आहे की पूर्वीच बरेचसे कुजलेले आहे, हे कळत नाही. सागरविज्ञानात या प्रश्नाला फार महत्त्व आहे. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी अमिनो आम्लांचे साहाय्य होते.

उष्ट्यावरून भोजनाची पारख

प्रथिने सुमारे 20 प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. पंगत उठल्यावर पत्रावळीवर काय उरले, यावरून जेवणाऱ्यांना काय रुचले हे समजते. तसाच हा प्रकार आहे. पेशींच्या अंतर्भागातील प्रथिने जिवाणू प्रथम संपवितात. त्यामुळे टायरोसीन, फिनाइल अलानीन आणि ग्लुटामिक आम्ल यांचे प्रमाण घटत जाते. पेशीभित्तिकेशी निगडित असलेले ग्लायसीन मात्र मागे राहते. ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांपासून जिवाणूंच्या क्रियेने अनुक्रमे बीटा अलानीन व गॅमा अमिनो ब्युटिरिक आम्ल तयार होतात. प्रथिनांत सहसा न आढळणारी ही दोन आम्ले वाढलेली दिसली, की विघटन पुष्कळ पुढे गेले आहे असे अनुमान काढता येते. डाउवे व मिडेलबर्ग या संशोधकांनी 1998 मध्ये अशा प्रमाणांवर आधारलेला विघटन निर्देशांक मांडला. मात्र द्रव्याच्या मूळ उगमाचाही या प्रमाणांवर परिणाम होत असल्याने, केवळ एका आम्लावरून निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

दोना पावला येथील संशोधन

1 जानेवारी 1966 रोजी स्थापन झालेल्या आणि गोव्यात दोना पावला येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीतील हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या सहकार्याने 1986 मध्ये अरबी समुद्रात व पुढील वर्षी बंगालच्या उपसागरात खोल पाण्यात गाळ-सापळे बसविले. वरून खाली पडणारे कण या सापळ्यांत जमा होतात. त्यांतील अमिनो आम्लेही तपासण्यात आली. अरबी समुद्रात मान्सूनच्या काळात वाऱ्यांमुळे पोषकद्रव्ये वर येऊन प्लवकांची वाढ होते आणि खाली जाणाऱ्या कणांचा ओघही वाढतो, असे दिसून आले. बंगालच्या उपसागरात नद्यांनी आणलेली माती या कणांना जड करते व ते लवकर तळाकडे जातात. जितके द्रव्य न कुजता खोलवर पोहोचते, तितका कार्बन दीर्घकाळ वातावरणापासून दूर राहतो.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. अरबी समुद्रात साधारणतः 150 ते 1000 मीटर खोलीच्या थरात प्राणवायू अत्यल्प आहे आणि वरून येणाऱ्या द्रव्याचे विघटन हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

नागरिकांचा वाटा

सागरात जे विस्तीर्ण प्रमाणावर घडते, तेच नदीत व जलाशयातही घडते. सेंद्रिय भार वाढला की प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. उजनीचे पाणी सोलापूरकरांच्या घरोघरी जाते, हे पुणेकरांनी विसरून चालणार नाही. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणे आणि नदीत कचरा व निर्माल्य न टाकणे, हे म्हणूनच केवळ शहराच्या सौंदर्याचे काम नव्हे. ते खालच्या गावांप्रति असलेले कर्तव्य आहे.