चिमुकला पंप

रक्ताचा एक थेंब! एवढ्याशा थेंबात रोगाच्या कितीतरी खुणा दडलेल्या असतात. त्या शोधण्यासाठी पुष्कळदा मोठी प्रयोगशाळा लागते. परंतु डोंगरापलीकडच्या वाडीत एखादे मूल तापाने फणफणले, तर काय करावे? त्याचे रक्त शहरात जाऊन उत्तर परत येईपर्यंत रोग थोडाच थांबतो?

मग प्रयोगशाळाच रोग्याच्या उशाशी नेता आली तर? १९९० साली स्वित्झर्लंडमध्ये आंद्रेआस मान्ट्स व त्यांचे सहकारी यांनी रासायनिक तपासणीच्या सर्व पायऱ्या एकाच लहानशा उपकरणात बसविण्याची कल्पना मांडली. अशा उपकरणाला आज ‘चिपवरील प्रयोगशाळा’ म्हणतात. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवर केसासारख्या बारीक वाटा कोरलेल्या असतात. त्यांतून थेंब पुढे सरकतो, रसायनात मिसळतो आणि आपले गुपित सांगतो.

पण एवढ्या अरुंद वाटेने द्रव नेणे सोपे नाही. नळीचा व्यास निम्मा केला, तर तेवढाच द्रव तितक्याच वेळात पुढे नेण्यास १६ पट दाब लागतो. म्हणून पंप हवा. प्रयोगशाळेत त्यासाठी पिचकारी हळूहळू दाबणारे यंत्र वापरतात. ते अचूक खरे. पण महाग आणि चिपपेक्षा कितीतरी मोठे. नाकापेक्षा मोती जड!

येथे लोहचुंबक मदतीस येतो. मुलांनो, तुम्ही लोहाराचा भाता पाहिला असेल. भाता फुगला, की झडपेतून हवा आत येते; दाबला, की ती झडप मिटते आणि हवा विस्तवाकडे जाते. आपला चिमुकला पंप म्हणजे द्रवाचा भाताच होय. चिपमध्ये एक लहानशी कोठी असते. तिच्यावर सिलिकोन रबराचा पातळ पडदा बसवितात आणि पडद्याच्या मध्यभागी छोटा लोहचुंबक चिकटवितात. कोठीला दोन झडपा असतात : एक केवळ आत उघडणारी, दुसरी केवळ बाहेर. वर, किंचित अंतरावर, तांब्याच्या तारेचे वेटोळे असते.

तारेतून वीज वाहू लागली, की तिच्याभोवती चुंबकत्व निर्माण होते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी १८२० साली दाखविले. वेटोळ्यातून वीज एका दिशेने वाहिली, की पडदा वर उचलला जातो आणि द्रव कोठीत शिरतो. विजेची दिशा उलटली, की पडदा खाली दाबला जातो आणि द्रव पुढे ढकलला जातो.

या युक्तीचे मर्म असे, की वेटोळे रक्ताला शिवतच नाही. म्हणून रक्त लागलेली स्वस्त चिप एकदाच वापरून नष्ट करता येते. वेटोळे व बॅटरी मात्र पुढच्या रोग्याच्या उपयोगी पडतात. खर्च वाचतो आणि एकाचे रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळत नाही.

तरीही कामात हयगय चालत नाही. कोठीत हवेचा बुडबुडा अडकला, तर पडद्याचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो. झडप जराशी सैल राहिली, तर द्रव मागे फिरतो. म्हणून हा पंप करणाऱ्याचा हात स्वच्छ, नजर बारीक आणि मन धिमे हवे.

अवाढव्य यंत्रे उभारणाऱ्यांचे कौतुक सारेच करतात. ज्यांना शहर दूर आहे, त्यांच्यासाठी यंत्र लहान व स्वस्त करणाऱ्याची बुद्धीही तितकीच थोर होय.

स्वाध्याय
१. भाता आणि चिमुकला पंप यांतील साम्य सांगा.
२. कोठीत बुडबुडा अडकल्यास काय होते?
३. ‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण स्वतःच्या वाक्यात योजा.