रिपेअरनंतर गाडीचा एसी कमी थंड? लगेच गॅस मारू नका

व्हिडिओतला मुद्दा इथे थोडक्यात.

कंडेन्सर बदलला, गॅस भरला आणि चार दिवसांत गिऱ्हाईक परत: "दादा, थंड होत नाही." बरेच जण इथे आणखी गॅस मारतात. पण गॅस जास्त झाला तरी कूलिंग कमीच होतं.

तपासायचा क्रम:

1. फॅन: एसी लावल्यावर कंडेन्सरचा फॅन फिरतोय का? बंपर काढताना सोडलेला कनेक्टर जोडायचा राहून जातो.

2. गेज: दोन्ही बाजूंचं प्रेशर कमी असेल तर गॅस कमी आहे, लीक शोधा. दोन्ही जास्त असेल तर गॅस जास्त, आत हवा किंवा फॅन बंद. लो साइड जास्त आणि हाय साइड कमी असेल तर कॉम्प्रेसरवर संशय.

3. वजन: शंका असली तर गॅस मशीनने काढून घ्या. 30 मिनिटं व्हॅक्युम करा, पंप बंद करून व्हॅक्युम टिकतो का बघा. मग बॉनेटखालच्या स्टिकरवर आहेत तेवढेच ग्रॅम मोजून भरा.

आता धंद्याचं गणित. परत आलेल्या गाडीची मजुरी मिळत नाही, वर जागा अडते. म्हणून गाडी देताना व्हेंटचं आणि बाहेरचं तापमान मोजून बिलावर लिहा. उद्या वाद निघाला तर तुमच्याकडे आकडा असेल.