दुर्बिणीमागचं करिअर

घास अडकतो म्हणून रुग्ण दवाखान्यात येतो, तोवर अन्ननलिकेचा कॅन्सर बहुधा बराच पुढे गेलेला असतो. तोच अगदी वरच्या अस्तरात असताना सापडला, तर छाती न उघडता दुर्बिणीतूनच काढता येतो. तंबाखू आणि दारूमुळे हा धोका वाढलेली माणसं आपल्या आसपास किती आहेत, ते वेगळं सांगायला नको. म्हणून डॉक्टरकी म्हटलं की फक्त हृदय आणि मेंदू आठवणाऱ्या घरांनी या कामाकडेही पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीला इथे गाठ नसते. असतो तो एखादा किंचित लालसर, सपाट डाग, पांढऱ्या उजेडात सहज नजरेतून सुटणारा. त्यावरची जुनी युक्ती म्हणजे लुगोल आयोडीन. निरोगी पेशींतल्या ग्लायकोजेनमुळे अस्तर तपकिरी होतं, बिघडलेला भाग फिकट राहतो. पण आयोडीनने छातीत जळजळतं. मग जपानमध्ये उजेडच बदलला गेला. नॅरो बँड इमेजिंग, म्हणजे एनबीआयमध्ये, ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि ५४० च्या आसपासचा हिरवा, एवढेच पट्टे वापरतात. हिमोग्लोबिन ते शोषून घेतं, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात. कॅन्सरच्या जागी केशवाहिन्यांची वेटोळी फुगतात, वेडीवाकडी होतात. त्यांच्या आकारावरून रोग किती खोल गेलाय, याचाही अंदाज बांधता येतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात जास्त धोका असलेल्या रुग्णांमध्ये अन्ननलिकेतले वरवरचे कॅन्सर ओळखण्यात एनबीआयला ९७ टक्के यश आलं, पांढऱ्या उजेडाला ५५ टक्के.

या सगळ्याच्या मुळाशी अकरावी-बारावीचं प्रकाशशास्त्र आहे. नीटपुरतं पाठ करून ते सोडून देणाऱ्या मुलांनी हे लक्षात घ्यावं.

डॉक्टर होऊन इथे यायचं तर वाट लांब आहे: इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडी मेडिसिनची तीन, डीएम गॅस्ट्रोएंटरॉलॉजीची तीन. मधल्या प्रवेश परीक्षांच्या तयारीत जाणारा वेळ वेगळा. मुंबईच्या केईएमसारख्या सरकारी व पालिका रुग्णालयांतही डीएम करता येतं. तिशी उलटेपर्यंत मुलगी शिकतच राहणार, हे पालकांनी आधीच मान्य करावं. मध्येच तिच्यामागे घाईचा धोशा लावू नये.

नीटमध्ये गुण कमी पडले तरी या कामाची दारं बंद होत नाहीत. दुर्बीण निर्जंतुक करणारा, तपासणीत चिमटा हाताळणारा, बायोप्सीचा तुकडा नीट जपणारा तंत्रज्ञ चुकला, तर निष्णात डॉक्टरही हतबल होतो. नर्सिंग, पॅथॉलॉजी, बायोमेडिकल इंजिनिअरिंग याही वाटा इथेच येतात.

‘हे सगळं एआय करणार ना?’ असं पालक हमखास विचारतात. संशयास्पद जागेवर चौकट दाखवणारी प्रणाली आलेली आहे. पण कॅमेऱ्यासमोर जे आलंच नाही, ते तिला दिसत नाही. चिकटा धुऊन काढणं, हवा भरून घड्या उलगडणं, दुर्बीण सावकाश बाहेर घेणं, हे माणसाचंच काम. म्हणून मुलात चिकाटी आहे का, तासभर एकाच गोष्टीवर त्याची नजर टिकते का, ते गुणपत्रिकेइतकंच बारकाईने पाहावं.

तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना कॉलेज कोणत्या रुग्णालयाशी जोडलेलं आहे, तिथे रोज दुर्बिणीच्या किती तपासण्या होतात आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष हात लावू देतात का, याची चौकशी करा. माहितीपत्रकावर विसंबू नका. तिथे शिकणाऱ्या मुलांना गाठून विचारा, आणि तेही फी भरण्याआधी.