नव्या डोमेनची साख : ई-मेल पाठविताना घाई नको

बाजारात नवी पेढी उघडणाऱ्याला सूतवाला पहिल्याच दिवशी शंभर पोती उधारीवर देत नाही. आधी दोन पोती देतो, पैसे वेळेवर आले की पाच देतो. पेढीच्या नावाने घेतलेल्या नव्या डोमेनचेही तसेच आहे. पत्ता तयार झाला म्हणजे आपले ई-मेल गिऱ्हाइकाच्या इनबॉक्समध्ये पडतीलच असे नव्हे. जीमेल, याहू, आउटलुक यांना आपण अनोळखी असतो, आणि अनोळखी इसमाने एकदम हजारो ई-मेल सोडले तर ते स्पॅममध्ये टाकले जातात.

मी हे ठेच लागून शिकलो. रमजानच्या हंगामाआधी कापडाचे नवे नमुने दाखवावेत म्हणून एकाकडून चार हजार पत्त्यांची यादी विकत घेतली आणि नव्या डोमेनवरून एका रात्रीत सर्वांना दरपत्रक पाठविले. कित्येक पत्ते बंद होते. ज्यांना मिळाले त्यांतील अनेकांनी स्पॅमचे बटण दाबले. पण खरे नुकसान पुढेच होते. एका जुन्या गिऱ्हाइकाला पाठविलेली बिलेही स्पॅममध्ये जाऊ लागली. पैसे का येत नाहीत म्हणून मी त्याच्याविषयी बदगुमानी केली, चार लोकांत बोललोदेखील. बिल त्याने पाहिलेच नव्हते! शेवटी माफी मागावी लागली. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात जाऊ नये, अशी सूरह नूरमध्ये आज्ञा आहे. विकत घेतलेली यादी म्हणजे दुसरे काय?

तेव्हा आधी कागदपत्रे नीट करावीत. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने ई-मेल पाठविण्याची मुभा कोणकोणत्या सर्व्हरला आहे त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक ई-मेलवरची मोहर. वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. या दोहोंपैकी एकही आपल्या डोमेनशी जुळले नाही तर ई-मेलचे काय करावे, ही सूचना म्हणजे डीमार्क. तिन्ही नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये कराव्या लागतात. जाणकार मुलाला त्याला फार वेळ लागत नाही. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा अधिक ई-मेल पाठविणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्ही सक्तीच्या केल्या आहेत. लहान व्यापाऱ्यानेही तिन्ही कराव्यात.

मग साख वाढवायची. पहिल्या आठवड्यात दिवसाला वीस-तीसच ई-मेल पाठवावेत, आणि तेही आपल्याला ओळखणाऱ्यांना : ऑर्डर मिळाल्याची खबर, माल रवाना झाल्याची सूचना, बिल. "मिळाले का, कळवावे" असे अवश्य लिहावे, कारण आलेले उत्तर ही आपल्या बाजूची साक्ष असते. ई-मेल स्पॅममध्ये सापडला तर तो बाहेर काढून ठेवण्याची विनंती गिऱ्हाइकाला फोनवर करावी. यात कमीपणा नाही. सर्व ठीक दिसले की पुढच्या आठवड्यात पन्नास, मग शंभर. चार ते सहा आठवडे लागतात असे धरून चालावे. हंगाम तोंडावर असताना डोमेन घेणाऱ्याची म्हणूनच फजिती होते.

परत आलेला पत्ता त्याच दिवशी यादीतून काढावा. ज्याला नको असेल त्याला एका क्लिकमध्ये नाव काढता आले पाहिजे. तक्रारी हजारात तीनपर्यंत कधीच जाऊ देऊ नयेत असे गूगल सांगते. हजारात एकाच्या आत राहिल्या तर उत्तम. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये हे प्रमाण फुकट पाहता येते, मात्र थोडे ई-मेल पाठविणाऱ्यांना तेथे फारसे काही दिसत नाही. तक्रारी वाढल्या तर संख्या लगेच कमी करावी.

काही जण पैसे घेऊन यंत्राकरवी आपोआप उत्तरे मिळवून देतात आणि साख वाढवून देतो म्हणतात. ही खोटी साक्षच झाली. त्यापासून दूर राहावे; शिवाय जीमेलवाले ती ओळखतातही.

दरपत्रके व जाहिराती मुख्य डोमेनवरून पाठवू नयेत, त्यासाठी वेगळे उपडोमेन घ्यावे आणि तेही असेच हळूहळू चालवावे. मुख्य डोमेनवरून मी आता फक्त बिले आणि हिशोब पाठवितो.