पेढे नंतर, नेमणूकपत्र आधी

पोरी, पेढे सावकाश वाट. आधी नेमणूकपत्र हातात पडू दे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यांत गेले, आणि नेमणूकपत्र देणं आता मालकावर बंधनकारक आहे. ते वाचताना पगाराच्या आकड्याआधी तारखा बघ.

मामाचं सगळं आयुष्य टाइम ऑफिसात गेलं. सात महिने भरत आले की कुणाला ‘ब्रेक’ द्यायचा, ती यादी मीच काढायचो. कुणाचेच २४० दिवस भरता कामा नयेत, असा वरून निरोप असायचा. यादी लागली की पोरं गेटपास जमा करून मान खाली घालून निघायची. आता ठरावीक मुदतीवर घेतलेल्यालाही वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी लागू होते. कायम असलेल्याला मात्र पाच वर्षंच, त्यात गल्लत नको. तेव्हा अकरा महिन्यांची ऑर्डर पुढे आली, तर बारावा का गाळला ते ओळख.

तू पाठवलेला पगाराचा तक्ता पाहिला. एकूण २०,०००, त्यात बेसिक ८,००० आणि बाकी नुसते भत्ते. भत्ते निम्म्याच्या वर गेले, की वरची रक्कम आता वेतनातच धरायची. म्हणजे तुझं वेतन १०,०००. पीएफ ९६० ऐवजी १,२०० कापला जाईल, हातात २४० रुपये कमी येतील. कुरकुर करू नकोस, कंपनीलाही तेवढेच जादा भरावे लागतात. ग्रॅच्युइटीही त्याच १०,००० वर मोजायची.

ओव्हरटाइम दुप्पट दराने. पंचिंगचं मशीन कंपनीचं, म्हणून तासांची वही आपली वेगळी ठेव. रात्रपाळी तुझ्या संमतीशिवाय नाही.

नोकरी सोडलीस तर वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. माझा मिळायला पाच महिने लागले, तेही मी आतला माणूस असून! थकलेल्या वेतनासाठी आता तीन वर्षांपर्यंत दावा लावता येतो, पण तिथे कागद लागतो. राजीनाम्याची दुसरी प्रत काढ, तिच्यावर शिक्का, तारीख आणि पोच घे. ‘मॅडम, नंतर देतो’ म्हणाले तर तिथेच बाकावर बस.

आणि कोऱ्या कागदावर सही मागितली, तर चष्मा घरी राहिला म्हण. तुला चष्मा नाही, ठाऊक आहे. मी तरी टेबलापलीकडच्या माणसाकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.